गाडीबद्दल माझी काहीही तक्रार नाही

सुरुवातीलाच एक गोष्ट नोंदवून ठेवतो, म्हणजे पुढं गैरसमज नको. गाडीबद्दल माझी कसलीही तक्रार नाही. गाडी ॲम्बेसेडर आहे, मार्क टू, पन्नाशी ओलांडलेली. तिच्याकडून ज्या अपेक्षा होत्या त्या सगळ्या तिनं वेळच्या वेळी पुऱ्या केल्या. तापायच्या ठिकाणी तापली, गळायच्या ठिकाणी गळली, आणि बंद पडायचं ठरवलं तेव्हा रस्त्याच्या कडेला सावली बघून बंद पडली. एवढी समज आजकाल माणसात दिसत नाही. माझी तक्रार आहे ती जनतेबद्दल. मुरुडहून निघून साडेतीन शक्तिपीठं करून परत मुरुडला येईपर्यंत या राज्यातल्या जनतेनं माझ्याशी जो व्यवहार केला, त्याची कुठंतरी दफ्तरी नोंद व्हावी, एवढीच इच्छा आहे. चहा सांगितलाय. बसा.

दौरा निघाला तो आत्याच्या नवसापायी. गाडी वडलांनी लातूरच्या एका डॉक्टरांकडून घेतलेली. वडील गेल्यावर बरीच वर्षं ती गोठ्याच्या पडवीत पेंडीच्या पोत्यांना आडोसा देत उभी होती. पुढं मी तिचं इंजिन काम काढलं. त्या काळात मेस्त्री रोज ‘उद्या’ म्हणायचे आणि मी रोज ऐकून घरी यायचो. शेवटी कंटाळून आत्यानं देवीला मध्ये घातलं. गाडी चालू झाली तर हिच्यातूनच साडेतीन पीठं करीन, असं ती चारचौघांत बोलून बसली. गाडी चालू झाली. देवीनं तिचं काम केलं, मेस्त्रींनी बिल केलं, आणि तुळजापूर, कोल्हापूर, वणी, माहूर अशी राज्याची हद्द मोजायचं काम माझ्याकडं आलं.

ॲम्बेसेडरचं पुढचं सीट सलग असतं आणि गिअर स्टेअरिंगच्या दांड्यावर. त्यामुळं आत्या, तिची पानाची चंची आणि तिचं मत या तिघांनाही पुढं ऐसपैस जागा झाली. आमच्या सौ. मागं, पाण्याच्या कॅनसोबत.

आता आधी कायद्याचं बोलून घेऊ, कारण लोक तिथूनच सुरू करतात. ‘हिला परवानगी आहे का हो रस्त्यावर?’ तर ऐका. २०२१ साली केंद्र सरकारनं मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून विंटेज गाड्यांची वेगळी सोय केली. पन्नास वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपात राहिलेली गाडी असेल तर तिला ‘व्हीए’ अक्षरांचा खास नंबर मिळतो. नोंदणीची फी वीस हजार, मुदत दहा वर्षं. ऐकायला मानाचं वाटतं. पण हा मान एकदा घेतला की गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, विंटेज रॅली, इंधन भरणं आणि देखभाल, एवढ्याच कारणांसाठी तिला बाहेर काढता येतं. या यादीत देवदर्शन नाही. सासुरवाडीही नाही. म्हणून मी तो मान न घेता साधंच नूतनीकरण करत आलो. त्याचीही फी वीस वर्षांवरच्या मोटारीला २०२५ साली दहा हजार झाली. माझं म्हणणं एवढंच की दौरा संपल्यावर मी हिशेब मांडला, तेव्हा आमचा जवळपास सगळा वेळ इंधन भरणं आणि देखभाल या दोनच कलमांखाली गेलेला दिसला. उरलेला तांत्रिक संशोधनात धरता येतो. दर्शनाच्या रांगा वगळल्या तर मी अधिसूचनेचं तंतोतंत पालन करत महाराष्ट्र हिंडलो, आणि हे कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

लोकांच्या लक्षात आला तो रंग. गाडी पांढरी आहे, आणि अन्यायाची सुरुवात इथंच होते. आमच्या लातूर-नांदेड भागानं राज्याला शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख, अशोक चव्हाण असे मुख्यमंत्री दिले. शिवराज पाटील चाकूरकर लोकसभेचे अध्यक्ष झाले. त्या सगळ्या काळात पांढरी ॲम्बेसेडर गावात शिरली म्हणजे ती कुणाची तरी असायचीच. ती दिसली की उठून उभं राहायचं, हे आमच्याकडच्या गुडघ्यांना शिकवावं लागत नाही.

मुरुड सोडून ढोकीला चहाला थांबलो. टपरीवरचे सगळे उठले. मी मागं वळून बघितलं, कोण आलं म्हणून. कुणीच नव्हतं. एवढ्यात एक गृहस्थ टोपी सावरत पुढं आले आणि त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला.

‘साहेब, सोयाबीनच्या विम्याचं तेवढं बघा. दोन सालं झाली.’

‘मी साहेब नाही ओ,’ मी म्हटलं.

‘मग साहेब कवा येणार हायत?’

‘साहेब कुणीच नाहीत. गाडी माझी स्वतःची आहे.’

त्यांनी गाडीकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग परत गाडीकडं. ‘लिलावात घेतली का?’ त्यांनी फार हळू आवाजात विचारलं. घरातलं कुणी गेलं का, हे विचारताना आपण जो आवाज लावतो, तो.

मी खुलासा करणार तोवर आत्यानं खिडकीतून हात बाहेर काढला होता. ‘दे बाबा इकडं. तुळजापूरला चाललोय, आईच्या पायावर ठेवते.’ अर्ज तिनं डॅशबोर्डाच्या कप्प्यात टाकला, चंचीखाली. मालकाची परवानगी न घेता या गाडीत सुरू झालेली ही पहिली शासकीय शाखा.

तुळजापूर येईस्तोवर कप्प्यात विहिरीचं अनुदान, घरकुलाचा हप्ता आणि एका शिक्षकाची बदली अशी आवक झाली होती. आत्यानं सगळे कागद गाभाऱ्यापर्यंत नेले, पुजाऱ्यांकडून त्यांवर कुंकू लावून घेतलं आणि परत आणून कप्प्यात ठेवले. ‘कागद हरवू द्यायचे नसतात,’ ती म्हणाली. तिनं आयुष्यात कचेरी बघितलेली नाही. हे तिला कुणी शिकवलं, माहीत नाही.

पुढं सोलापुरात एक पोरगा खिडकीशी येऊन विचारतो, ‘काय बे काका, दिवा काढून डिकीत ठेवलाय काय?’ लाल दिवा १ मे २०१७ पासून देशभरातून गेला, मंत्र्यांच्या गाडीवरूनही गेला. माझ्या गाडीवर तो कधीच नव्हता, पण तो लपवल्याचा संशय मात्र अजून माझ्यावर आहे.

रंगाचं प्रकरण एक वेळ समजू शकतो. एव्हरेजचं समजू शकत नाही. तुम्हीही कधी जुनी गाडी चालवली असेल तर हा छळ तुम्हाला ठाऊक असेल. सिग्नलला, टोलला, पंपावर, देवळाच्या पार्किंगमध्ये, माणूस जवळ येतो, बोनेटवरून हात फिरवतो, ‘वा!’ म्हणतो आणि लगेच, श्वाससुद्धा न घेता, ‘एव्हरेज किती देते?’ मिरवणुकीत हत्ती चालला असताना माहुताला कुणी कडब्याचं एव्हरेज विचारतं का? मी आरंभी खरं सांगत होतो. त्यावर ‘अरेरे’ ऐकावं लागे. मग थोडं वाढवून सांगू लागलो, तर ‘शक्य नाही’ म्हणायचे. शेवटी प्रश्न आला की मी आत्याकडं बोट दाखवू लागलो. आत्या म्हणायची, ‘देवाच्या वाटेला एव्हरेज विचारू नये.’ यावर अजूनपर्यंत कुणालाही उत्तर सुचलेलं नाही.

मंगळवेढा सोडून सांगोल्याकडं निघालो तेव्हा ऊन टिपेला होतं. गाडीनं दोन आचके दिले आणि एका बाभळीखाली थांबली. असं झालं की आमच्याकडचे मेस्त्री म्हणतात, ‘एसी पंपाचा प्रॉब्लेम.’ इंजिनाच्या कुशीत एक छोटा पंप असतो, टाकीतलं पेट्रोल कार्बोरेटरला पोचवणारा. त्याला ते एसी पंप म्हणतात. उन्हानं आणि इंजिनाच्या धगीनं आतल्या पेट्रोलची वाफ होते, आणि वाफ काही पंपाला ओढता येत नाही. उपाय साधा असतो, ओलं फडकं गुंडाळायचं आणि थांबायचं. मी सौ.ना सांगितलं, ‘एसी गरम झालाय.’ त्या मागच्या सीटवर पदरानं वारा घेत होत्या. ‘म्हणजे या गाडीला एसी होता?’ त्या म्हणाल्या. त्यानंतर मिरजेपर्यंत त्या काही बोलल्या नाहीत.

आता या पंपाचं मूळ दुखणं सांगतो. हे कुठल्याही चौकशी समितीपुढं सांगायची माझी तयारी आहे. पेट्रोलमध्ये सध्या वीस टक्के इथेनॉल असतं. हे उद्दिष्ट २०३० सालचं होतं, ते २०२५ लाच गाठलं. सरकारी काम पाच वर्षं आधी पुरं झाल्याचं हे एकच उदाहरण मला ठाऊक आहे, आणि ते नेमकं माझ्या मुळावर यावं! नव्या गाड्यांचं रबर इथेनॉल सोसेल असं बनवतात. माझ्या गाडीचं रबर बनवणाऱ्याला इथेनॉल हा शब्दही भेटला नसणार. पंपात रबराचा एक पातळ पडदा असतो, डायाफ्राम. तो फुगतो, मऊ पडतो आणि एक दिवस फाटतो. आता इथेनॉल कुठून येतं? उसापासून. मका-तांदळापासूनही येतं म्हणतात, पण माझा संशय उसावरच आहे. ऊस कुठला? आमच्या लातूर-धाराशिव पट्ट्यातला. थोडा माझाही जातो. म्हणजे मी पाणी पाजून, खत घालून, तोडणीवाल्याच्या विनवण्या करून वाढवलेला ऊस कारखान्यात जातो, तिथून टँकरनं डेपोला, डेपोतून पंपावर, आणि अखेर माझ्याच गाडीत येऊन माझ्याच डायाफ्रामला खातो. एफआरपी ठरवताना उत्पादकाच्या या नुकसानीचा विचार झालेला दिसत नाही.

मिरजेला पोचलो तेव्हा रेडिएटर उकळत होता. एका हॉटेलसमोर गाडी लावली आणि पाणी मागितलं. मालकांनी अगत्यानं विचारलं, ‘कुठलं गाव?’ मी म्हटलं, लातूरजवळचं मुरुड. त्यांचा चेहरा उजळला. आत हाक गेली, ‘ए, पाईप आण रे! लातूरवाले आलेत!’ तुम्हाला आठवत असेल, २०१६ च्या एप्रिलात लातूरला पाणी रेल्वेनं आलं होतं, आणि ते मिरजेहून भरलं होतं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, साधारण पाच लाख लिटर. मालकांना तर कालच भरल्यासारखं आठवत होतं. रेडिएटरमध्ये पाईप धरून ते शेजारच्या पानवाल्याला सांगत होते, ‘सवय हाय आपल्याला. तवा गाडी भरून दिलती, आता गाडीत भरून देतोय.’ लोक हसले. आत्याही हसली. गाडीनं गटागटा पाणी प्यायलं, जिल्ह्याची अब्रू न सांभाळता. चहाचे पैसे त्यांनी घेतले, पाण्याचे घेतले नाहीत. दुष्काळाचं देणं असं आपल्या डोक्यावर ठेवूनच आम्हाला पुढं जावं लागलं.

आणि हे निदान लातूर जाणणारे लोक. पुढं तेही भाग्य उरलं नाही. सातारा ओलांडला की मुरुड म्हणजे जंजिऱ्याचंच. पुण्यात एका पंपावर सद्गृहस्थांनी विचारलं, ‘मुरुडहून आलात? वा! सुरमई काय भावानं आहे सध्या?’ मी सांगितलं, आमचं मुरुड लातूर-बार्शी रस्त्यावरचं, तिथं समुद्र नाही. ‘नाही कसा? आम्ही होडीतून किल्ल्यात गेलोय की.’ आमच्याकडं मांजरा आहे, तेरणा आहे, आणि होडी सोडायची तर आधी त्यांत पाणी सोडावं लागतं, असं मी शांतपणे म्हटलं. गृहस्थांनी सौ.कडं बघून मान हलवली. नवऱ्याचं डोकं उन्हानं फिरलंय, हे त्यांनी मनोमन मान्य केलं होतं.

पुण्यातच एक तज्ज्ञ भेटले. हा वर्ग वेगळा आहे. हे एव्हरेज विचारत नाहीत. हे खाली वाकतात. त्यांनी मोबाईलचा दिवा लावून गाडीला संथ प्रदक्षिणा घातली. वंशावळ त्यांना पाठ होती: आई इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, जन्म कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याचा, इंजिन १४८९ सीसीचं. मला बरं वाटू लागलं होतं. मग ते उभे राहिले, गुडघे झटकले आणि म्हणाले, ‘हबकॅप हिचे नाहीत.’ थोडं थांबून, ‘मागचा एक दिवाही नाही.’ आणि जाता जाता, ‘बाकी गाडी ठीक आहे.’ बाकी म्हणजे उरलेला एक टन. त्या दिवसापासून सौ. प्रत्येक थांब्याला हबकॅपकडं बघतात, आणि मग माझ्याकडं.

याउलट मंचरच्या पुढं एक भंगारवाले भेटले. तेही गाडीभोवती फिरले, तेही वाकले, फक्त त्यांच्या मनात किलोचा भाव होता आणि तो त्यांनी मोकळेपणानं सांगितला. आता बघा. ‘ॲम्बेसेडर’ हे नुसतं नाव, खाली चाक नाही की वर टप नाही, २०१७ साली फ्रान्सच्या प्यूजो कंपनीनं ८० कोटींना घेतलं. माझ्याकडं तेच नाव आहे, शिवाय खाली आख्खी गाडी आहे. तरी मला किलोवर मोजतात. या विसंगतीबद्दल मी भंगारवाल्यांना विचारलं. ते म्हणाले, ‘नाव बी घेतो की, पितळी हाय का?’

आठवणीवाल्यांविषयी बोलायचं टाळणार होतो, पण टाळून सुटका नाही. उत्तरपाड्याचा कारखाना २०१४ पर्यंत ही गाडी बनवत होता. एवढ्या वर्षांत तिथून जितक्या ॲम्बेसेडर बाहेर पडल्या, त्यापेक्षा जास्त कराड ते संगमनेर या पट्ट्यातल्या काकांच्या घरी होत्या. प्रत्येकाकडं होती. मामाची, चुलत्याची, नाहीतर सरपंच असलेल्या सासऱ्यांची. आणि प्रत्येकजण तीत दाटीवाटीनं बसून कुठंतरी गेलेला होता. कराडला नऊजण पंढरपूरला गेले होते. शिरवळला अकराजण जेजुरीला. नारायणगावला आकडा चौदावर पोचला, त्यात एक नवरी आणि एक शेळी. मी ऐकत राहायचो, कारण ऐकताना इंजिन थंड व्हायचं. पण या सगळ्यांत मला एक गोष्ट खटकली. एकालाही आपली गाडी बंद पडलेली आठवत नव्हती. बंद पडते ती फक्त माझी, आणि तीही त्यांच्यासमोर.

बंद पडण्याबद्दल तर माझी सगळ्यात मोठी तक्रार आहे. या राज्यात माणसाला एकट्यानं बंद पडता येत नाही. संगमनेरच्या अलीकडं चंदनापुरीच्या घाटात गाडी थांबली. मला अर्धा तास निवांत बसायचं होतं. पेपर होता, सावली होती, आत्या झोपली होती. पाच मिनिटांत एक ट्रक थांबला, मग एक टेम्पो, मग दोन मोटारसायकली. मला न विचारता बोनेट उघडलं गेलं. ट्रकच्या ड्रायव्हरनं आत बघितलं आणि म्हणाला, ‘डेल्कोची टोपी काढा.’ डेल्को म्हणजे प्लगांना करंट वाटून देणारी डबी. त्यानं दोन क्लिपा अंगठ्यानं उडवल्या, टोपी उचलली, आतला रोटर काढून शर्टाच्या खिशात टाकला. खाली दोन बारीक पॉईंट एकमेकांना चिकटून बसलेले, तोंडं काळी पडलेली. त्यानं खिशातून काडेपेटी काढली, तिची काड्या घासायची बाजू फाडली, दुमडली, आणि पॉईंटच्या फटीतून दोनदा अलगद ओढली. फुंकर मारली. मग माझ्याच खिशातलं लग्नपत्रिकेचं पाकीट घेतलं, त्याचा कोपरा घडी करून फटीत घातला, स्क्रू पाव आट्यानं सैल केला, परत आवळला. ‘मारा सेल्फ.’ गाडी अर्ध्या आट्यात लागली. एवढ्या वेळात त्याची बिडी अर्धीच जळली होती.

मी पैसे पुढं केले. घेतले नाहीत. चहा म्हटलं, तर ‘खाली उतरल्यावर पिऊ’ म्हणाला आणि निघून गेला. आता याला काय म्हणायचं? पावती नाही, व्यवहार नाही, नाव नाही. म्हणजे तक्रार करायचीसुद्धा सोय ठेवली नाही. शिवाय माझा पेपर तसाच राहिला.

धक्का मारणाऱ्यांचंही असंच. कोल्हापुरात देवळाजवळच्या चढावर गाडी थांबली तर कॉलेजच्या पोरांनी मला स्टेअरिंगवर बसवून गल्लीभर ढकलत नेली. इंजिन पहिल्या दहा पावलांतच सुरू झालं होतं. मी हात हलवून सांगत होतो. त्यांना वाटलं मी आशीर्वाद देतोय. त्याच शहरात, गाडी लावून अभिषेकाची पावती फाडून आलो, तर बोनेटला टेकून एक नवरदेव उभा, शेजारी होणारी नवरी, समोर छत्रीवाला फोटोग्राफर. लग्नाआधीचं शूटिंग. मला बघून फोटोग्राफर म्हणाला, ‘काका, जरा बाजूला होता का, फ्रेममध्ये येताय.’ मी बाजूला झालो. आता कुणाच्या तरी अल्बमात माझी गाडी आहे आणि डाव्या कडेला माझं कोपर. टोलनाक्यांचं काय सांगू? तिथं मला सलाम केला जातो आणि मग पैसे कापले जातात. हा क्रम दुसऱ्या कुठल्याही वाहनाच्या वाट्याला येत नाही.

वणीचं थोडक्यात. नांदुरीहून गडाचा घाट सुरू होतो. निम्म्या घाटात रेडिएटरनं हात टेकले. मी खाली उतरून झाकणावर पोतं टाकेपर्यंत आत्यानं मागून येणारी एसटी हात दाखवून थांबवलीसुद्धा. मी म्हटलं, नवस गाडीतून जायचा होता. आत्या पायरीवरून म्हणाली, ‘हे अर्धं पीठ आहे. अर्ध्याला अर्धा घाट पुरे.’ देवस्थानच्या दर्जाचा असा अर्थ काढता येतो, हे मला नव्यानं कळलं. पाने पोतडीत भरून मीही चढलो.

नांदेडात गुरुद्वाऱ्याजवळ एका वयस्कर सरदारजी मेस्त्रींकडं गाडी दाखवली. छत्रपती संभाजीनगरपासून मला एक टकटक ऐकू येत होती. मेस्त्रींनी इंजिन चालू ठेवायला सांगितलं, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाला लावून डोळे मिटले. बराच वेळ गेला. मग त्यांनी स्क्रूड्रायव्हर पुसला आणि म्हणाले, ‘इंजिन ठीक आहे. आवाज आतून येतोय, डब्यातून.’ डॅशबोर्डाचा कप्पा उघडला. अर्ज इतके झाले होते की झाकण बसत नव्हतं, ते आपटत होतं. आत्यानं तिथल्या तिथं त्यांना सुतळी बांधली. मेस्त्रींनी पैसे घेतले नाहीत, पण नातवाच्या रेशनकार्डात नाव घालायचं राहिलंय, असं सांगून तेवढा एक कागद दिला. माहूरला रेणुकामातेपुढं तो सगळ्यात वर ठेवला होता.

तर आता मूळ तक्रारीकडं येतो. आम्ही परत आलो, गाडी अंगणात लावली, मी ताडपत्री शोधत होतो. आणि काही दिवसांनी ढोकीचे ते टोपीवाले गृहस्थ पेढे घेऊन हजर. सोयाबीनच्या विम्याचे पैसे खात्यावर जमा झाले होते. मी त्यांना समजावून सांगितलं की रक्कम आमच्या दौऱ्याशी संबंध न ठेवता, एरवीही आली असती. ‘दोन सालं आली नव्हती की,’ ते म्हणाले. पुराव्याच्या दृष्टीनं मला यावर काही बोलता आलं नाही. त्यांनी पेढे मला दिले नाहीत. गाडीच्या बोनेटवर ठेवले, हात जोडले, मग आत्याला दिले.

त्यानंतर ताडपत्री घालायची सोय उरलेली नाही. बाजारच्या दिवशी सकाळपासून अंगणात माणसं बसलेली असतात. आत्या पुढच्या सीटवर, दार उघडं, पाय बाहेर, चष्मा नाकावर. येईल तो कागद वाचून घेते, त्रुटी असेल तर परत करते. सातबारा जोडला नाही म्हणून परवा तिनं एकाला सरळ माघारी पाठवलं. पुढच्या दौऱ्याची तारीख विचारायला फोन येतात, तेही माझ्या नंबरवर. झेरॉक्स काढून आणायचं काम माझ्याकडं आहे. चहाचंही.

काल एका तरुणानं मला गोठ्याच्या मागं बोलावलं. विहिरीची फाईल होती. इकडंतिकडं बघून म्हणाला, ‘आत्याबाईंच्या कानावर लवकर घालायचं तर काही पद्धत आहे का?’

मी ताठ उभं राहून सांगितलं की मी या गाडीचा मालक आहे.

‘असू द्या ओ,’ तो समजुतीनं म्हणाला, ‘ड्रायव्हर लोकांचं बी आम्ही बघतो,’ आणि वीसची नोट माझ्या खिशात सारून निघून गेला.

ती मी पेट्रोलच्या खात्यावर जमा दाखवली आहे. एव्हरेज बघता तेवढ्यात गाडी मुरुडच्या बसस्टँडपर्यंत जाते. येताना ढकलायला माणसं अंगणात आहेतच.